खांबाखाली बघा : सोलापूरची भटकंती

गुरुवार

सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापुरात शिरली तेव्हा नुकतं फटफटत होतं. दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, फलाटावर उभा होता, आणि त्याचं पहिलं वाक्य पाण्याचं होतं. "काल नळ येऊन गेला, आता चार दिवस नाव काढायचं नाही. आंघोळीला एक बादली मिळेल, दुसरी मागू नको." मार्च निम्मा सरला होता. उन्हाची धार स्टेशनाबाहेरच कळली.

यायचं निमित्त दादाची लेक मुग्धा. ती प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करतेय. तिच्या सरांना कुठून तरी कळलं की तिची आत्या समुद्राच्या तळातला चिखल चाळते, समुद्रातल्या तेलविहिरींच्या आणि पवनचक्क्यांच्या खांबांभोवतीचे किडे मोजते. त्यांनी शनिवारी दोन तास बोलायला बोलावलं. दादाला हे पटलेलं नव्हतं. "सोलापूरच्या पोरांना समुद्रातले खांब? त्यांना उजनी प्लस आहे का मायनस एवढं सांग, टाळ्या पडतील." त्याला मी म्हटलं, मग आधी उजनीच दाखव. शुक्रवार तिथेच ठरला.

दुपारी वहिनींच्या हातची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाऊन दादाच्या कारखान्यात गेले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचे टॉवेलचे माग आहेत. खडखडाटात बोलता येत नाही, म्हणून नुसतं बघत राहिले. टॉवेलला दोन ताणे असतात: एक घट्ट ओढलेला, दुसरा सैल सोडलेला. सैल ताण्याचे फासे वर उभे राहतात आणि तेच पाणी धरतात. युरोपातल्या उत्तर समुद्राच्या वाळूत लॅनिस नावाचा एक कृमी असतो. वाळूचे कण आणि शंखांचा चुरा चिकटवून तो नळी बांधतो आणि तिचं झालरीसारखं टोक तळाच्या वर काढून ठेवतो. अशा हजारो नळ्या दाटीने उभ्या राहिल्या की तळ या टॉवेलसारखा होतो. वरून जाणारं पाणी मंदावतं, बारीक गाळ खाली बसतो, आणि ज्यांना तो गाळ मानवतो ते जीव मुक्कामाला येतात. पवनचक्कीच्या पायाजवळ हा कृमी वाढलेला आढळतो. दादाला हे मागाच्या शेडबाहेर आल्यावर सांगितलं. त्याने विचारलं, "त्या कृमीच्या फाश्याची उंची किती?" दोनतीन सेंटिमीटर म्हटल्यावर तो म्हणाला, "एवढा फासा निर्यातीलासुद्धा कुणी मागत नाही."

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर एक फेरी मारली. गर्दी होती, लवकर परतलो.

शुक्रवार

पुणे रस्त्याने मोहोळ मागे टाकून टेंभुर्णीला चहा घेतला आणि भीमानगरला धरणावर पोचलो. उजनीचा आकडा या जिल्ह्यात लहान पोरही सांगेल: ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून थोडा जास्त भाग मृतसाठा आहे. म्हणजे धरण शून्य टक्के झालं तरी अर्ध्याहून जास्त पाणी आतच असतं, फक्त ते दारांतून कालव्यात येत नाही. या शून्याच्या वर असलं की प्लस, खाली गेलं की मायनस. चहाच्या टपरीवरची चर्चा सकाळी याच आकड्यापासून सुरू होते.

मला धरणाच्या भिंतीपेक्षा पाण्यात उभी असलेली बांधकामं बघायची होती. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं छोटं वीजघर आहे, गरज पडली तर पाणी उलटं वरही चढवू शकेल असं. आणि जलाशयाच्या अंगाला जॅकवेल: शहरासाठी आणि औष्णिक वीजकेंद्रासाठी पाणी उचलणाऱ्या विहिरी. जवळ जायची परवानगी नव्हती आणि रखवालदाराने मोबाइल खिशात ठेवायला लावला, ते बरोबरच होतं. दुर्बिणीतून बघितलं. काँक्रीटवर पाण्याच्या पातळीच्या वर फिकट पट्टा होता, वाळलेल्या शेवाळाचा. बाकी भिंत जवळपास नागडी.

मला त्या नागडेपणाचीच गंमत वाटली. समुद्रात हाच खांब दोन वर्षांत दिसेनासा होतो. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते, तिची ये-जा ठरलेली असते, त्यामुळे प्रत्येक जीव खांबावर आपली पट्टी राखून असतो. वर बार्नेकल, म्हणजे कवचात राहून खडकाला घट्ट चिकटणारे जीव, त्याखाली निळ्या शिंपल्यांचा जाड थर, त्याखाली चिखलाच्या नळ्या करून राहणारे जॅसा नावाचे इवलेसे कवचधारी, आणि अगदी खोलात पांढरी-नारिंगी समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी. उजनीची भरती-ओहोटी वर्षातून एकदा होते आणि ती कित्येक मीटरची असते. पावसाळ्यात भिंतीला जे चिकटेल ते उन्हाळ्यात वाळून मरतं. शिवाय आपल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्या दगडाला चिकटून बसणाऱ्या नव्हेतच. गाळात अर्ध्या रुतून राहतात. म्हणून इथे खांब रिकामा आणि सगळं नाट्य खाली चिखलात. मुग्धाला म्हटलं, उद्याच्या भाषणाचा अर्धा भाग इथेच तयार झाला. ती म्हणाली, "आत्या, पण उद्या दुर्बीण कुणाकडे नसणार. चिखल तरी घेऊन जाऊ."

चिखलासाठी जेऊरमार्गे केत्तूरच्या बाजूला उतरलो. हे पाणलोटाचं शेपूट, करमाळा तालुक्यातलं. पाणी मागे सरकत होतं आणि त्याच्या पाठोपाठ शेतकऱ्यांच्या मोटारी सरकत होत्या. काठाने काळ्या पाइपांच्या रांगा, केबलींची भेंडोळी, तरंगत्या पिंपांवर ठेवलेले पंप. पाणी हटलं की पाइपाचा एक तुकडा वाढवायचा आणि मोटार पुढे न्यायची. उसाला पाणी थांबून चालत नाही. वीज आणि पाणी यांच्यातलं इतकं उघडं नातं मी समुद्रावर कधी बघितलं नव्हतं; तिथे केबल तळात पुरलेली असते.

काठावर एक वयस्कर मच्छीमार जाळं आवरत होते. मुग्धाने "मामा, इथे पाण्यात दगडबिगड, जुनं बांधकाम आहे का?" असं विचारलं. धरणात गेलेल्या गावाची जोती होती, उन्हाळ्यात उघडी पडतात. मी विचारलं, तिथे मासा जास्त मिळतो का?

"मिळतो की. चिलापी तर दगडाला धरूनच असती. पर जाळं फाटतंय. दोन किलू मासा आन् हजाराचं जाळं, परवडत न्हाय."

"मग तिथे मासा वाढतो, का बाजूचा येऊन थांबतो?"

मामांनी जाळ्यावरची नजर न उचलता सांगितलं, "राह्यला येतंय. जल्माला कुठं येतंय ते चिलापीलाच इचारा."

समुद्रातून तेल काढणाऱ्या फलाटांखाली जमणाऱ्या माशांबद्दल शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हाच वाद घालत आहेत: बांधकाम मासे निर्माण करतं की आजूबाजूचे गोळा करतं? कॅलिफोर्नियाच्या फलाटांवर उत्पादनही भरपूर होतं असं २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. सगळीकडे तसंच असेल असं त्यातून निघत नाही. मामांचं उत्तर बहुतेक भाषणांपेक्षा सावध होतं.

बादलीभर गाळ काढला आणि वहिनींच्या रव्याच्या चाळणीत पाणी ओतत चाळला. (चाळणी परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे मला माहीत होतं, वहिनींना अजून नव्हतं.) वर राहिले ते गोगलगायींचे शंख, शिंपल्यांचे तुकडे, केसासारखे बारीक गाळकृमी आणि खूपशा लालभडक अळ्या. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या या अळ्या. लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही त्या तग धरतात. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं, तेव्हा चिखलात अन्नाला तोटा नाही, प्राणवायूला आहे. लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. शेवाळाबरोबर याच अळ्या त्यांच्या पोटात जातात. पर्यटक पक्ष्यांचे फोटो काढतात, चिखलाचे कुणी काढत नाही.

या माश्यांचं एक भावंड उत्तर समुद्रात आहे. टेल्मॅटोजेटन नावाची माशी पवनचक्कीच्या खांबावर लाटांचे तुषार उडतात त्या पट्ट्यात, शेवाळावर वाढते. ती मूळची युरोपची नाही. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह इथे २००२ मध्ये ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि खांबांच्या त्या वरच्या पट्ट्यात ही माशी नांदू लागली. वाळूच्या समुद्रात तिला उभं राहायला जागाच नव्हती. ती माणसाने दिली. घरी परतताना मुग्धाच्या मांडीवर चिखलाची बरणी होती आणि दादाने गाडीच्या काचा सगळ्या उघड्या ठेवल्या होत्या.

शनिवार

वर्गात साठेक मुलं. समुद्र कुणी बघितलाय म्हटल्यावर निम्म्याहून कमी हात वर आले, आणि त्यातले बरेचसे गणपतीपुळ्याचे. मी चिखलाची बरणी पुढच्या बाकावर ठेवली आणि खांबापासून सुरुवात केली.

पहिली समुद्री पवनचक्की-वसाहत डेन्मार्कला विंडेबी इथे १९९१ मध्ये झाली, ११ चक्क्यांची. २०१७ मध्ये ती काढूनही टाकली. म्हणजे या विषयातला एक पूर्ण जन्म-मृत्यू आपल्यासमोर आहे. पण तळाचा सगळ्यात चांगला हिशेब मला वाटतं बेल्जियमने ठेवला. तिथे किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवर थॉर्नटन बँक नावाचा वाळूचा उथळ पट्टा आहे. २००८ मध्ये पहिले सहा काँक्रीटचे पाये बसले, पुढे लोखंडी जाळीच्या पायांवर ४८ चक्क्या आल्या. आणि तळाचे नमुने वर्षानुवर्षं घेतले गेले.

तिथली मूळ वाळू भरड आणि स्वच्छ, लाटांनी सतत हलणारी. अशा वाळूत जीव थोडे असतात: काही चपळ कृमी, वाळूत सुळकन शिरणारे छोटे कवचधारी. आता त्यात खांब उभा करा. खांबावर शिंपले आणि जॅसा वाढतात. ते पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात आणि विष्ठा खाली सोडतात. खांबाच्या आडोशाला पाणी मंदावतं. विष्ठा, मेलेले शिंपले, बारीक गाळ पायाशी साचतो. मग पायापासून पन्नासेक मीटरच्या आत वाळू बारीक होते, तिच्यात सेंद्रिय अंश वाढतो, जीवांची संख्या वाढते, जातीही वाढतात. लॅनिसची दाटी होते. काही शे मीटर लांब गेलात तर पहिल्या दशकात फारसा फरक दिसत नाही.

एक मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे चांगलंच की, मॅडम. जीव वाढले."

या प्रश्नाची मी वाटच बघत होते. बरणीतला चिखल दाखवून विचारलं, यात जीव कमी आहेत का? वळवळ तर भरपूर आहे. मग उजनीचं पाणी चांगलं का? वर्गात हशा पिकला, कारण ते पाणी सगळे पितात.

गाळात अन्न वाढत गेलं की काय होतं, याचं चित्र पिअरसन आणि रोझेनबर्ग या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलं. थोडं अन्न वाढलं तर जाती आणि संख्या दोन्ही वाढतात. आणखी वाढलं तर मोजक्या सोशिक जातींची गर्दी होते. त्याहून वाढलं तर प्राणवायू संपून काहीच उरत नाही. थॉर्नटन बँकेचा पायथा पहिल्या पायरीवर आहे, काठावरचा आपला चिखल दुसऱ्या. दोन्हीकडे आकडा मोठाच येतो. म्हणून किती जीव आहेत यापेक्षा कोण आहेत आणि कोण गेले, हे विचारायचं. स्वच्छ हलत्या वाळूतले ते चपळ जीव पायथ्याशी मागे पडले, ही नोंद खांबावरच्या देखण्या समुद्रफुलांच्या फोटोत येत नाही. कंपन्यांच्या पुस्तिकांत 'कृत्रिम प्रवाळखडक' हे शब्द आले की मी पान उलटून तळाच्या नमुन्यांचा तक्ता शोधते. बहुतेकदा तो नसतो.

तेलाची गोष्ट याहून कडक आहे. विहीर खोदताना वापरलेला चिखल आणि दगडाचा चुरा पूर्वी फलाटाखालीच टाकत. त्यात तेल मिसळलेलं असे. नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रातल्या तळाच्या नमुन्यांचं १९९० च्या सुमारास नव्या पद्धतीने विश्लेषण झालं. विविधतेचे नेहमीचे निर्देशांक फलाटाच्या अगदी जवळच बिघाड दाखवत होते. पण कोणत्या जाती एकत्र सापडतात हे ताडून बघितल्यावर परिणाम तीनेक किलोमीटरपर्यंत पोचलेला दिसला. नमुने तेच, फक्त प्रश्न बदलला. त्यानंतर तिथे तेलमिश्रित चिखल समुद्रात टाकण्यावर बंधनं आली आणि बिघडलेला घेर आक्रसत गेला. तळ बरा होतो, सावकाश. माझा या विषयावरचा विश्वास टिकून आहे तो या एका गोष्टीमुळे.

मधल्या सुट्टीनंतर मुग्धाची मैत्रीण उठली. "मॅडम, चक्की जुनी झाली की काढणार. मग त्यावरच्या जीवांचं काय?"

मी ब्रेंट स्पार सांगितलं. उत्तर समुद्रातला तेल साठवायचा प्रचंड उभा तरंगता हौद. १९९५ मध्ये तो खोल अटलांटिकात बुडवायचं ठरलं, ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने त्यावर चढून ठिय्या दिला, युरोपात ठिकठिकाणी मालक कंपनीच्या, शेलच्या, पेट्रोलपंपांवर बहिष्कार पडला आणि बेत रद्द झाला. हौद नॉर्वेला नेऊन कापला. तेव्हा त्याच्यावर थंड पाण्यातलं लोफेलिया प्रवाळ वाढलेलं आढळलं, जे वाचवायला तेव्हा पर्यावरणवादी धडपडत होते ते. १९९८ मध्ये तिथल्या देशांनी ठरवलं की निकामी बांधकामं समुद्रात सोडायची नाहीत, अपवाद मोजके. तिकडे अमेरिकेत, मेक्सिकोच्या आखातात, मात्र काही जुने फलाट आडवे करून माशांसाठी ठेवून देतात. कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये चार फलाट काढले, पण पडून पडून साचलेल्या शिंपल्यांचे ढीग खाली तसेच राहिले, खोदाईच्या चिखलासकट. खांब गेला म्हणून तळ पूर्वीचा होत नाही.

"मग ठेवायचं का काढायचं?" ती हट्टाला पेटली होती.

माझं मत मी सांगितलं: खांब लावण्याआधी तिथे काय होतं याची नोंद असेल तरच या प्रश्नाला अर्थ आहे. वाळूच्या समुद्रात लावलेला खांब काढावा. जिथे ट्रॉलरच्या जाळ्यांनी तळ शंभर वर्षं खरवडला आहे, तिथे मात्र खांबांमुळे मासेमारी थांबली असेल तर तो आराम तळाला मिळत राहावा, खांब असो वा नसो. पवनचक्क्यांच्या वसाहतीचा तळाला सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, आणि तो लोखंडाचा नसून जाळं न पडण्याचा आहे. मच्छीमाराला तो फायदा वाटत नाही, हेही खरं.

आपल्याकडे? मुंबई हाय वर 'सागर सम्राट' या खोदाई-फलाटाने १९७४ मध्ये तेल शोधलं, १९७६ पासून उत्पादन सुरू आहे. म्हणजे अरबी समुद्रात पंचाहत्तर-ऐंशी मीटर पाण्यात उभे असलेले काही खांब माझ्या वयाचे आहेत. समुद्री पवनचक्क्यांसाठी केंद्राने २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची मदत मंजूर केली: गुजरातलगत ५०० मेगावॅट, तामिळनाडूलगत ५००. खंबातच्या आखाताचा तळ थॉर्नटन बँकेसारखा नाही. भरतीचा जोर भयंकर, पाणी गढूळ, चिखल सतत जागा बदलतो. बेल्जियमचा पन्नास मीटरचा आकडा तिथे चिकटवून चालणार नाही. पहिला खांब ठोकायच्या आधीची दोनतीन वर्षं, सगळ्या ऋतूंत, खांबाच्या जागी आणि लांबच्या तशाच जागी तळ उपसून ठेवायला हवा. ती संधी एकदाच असते.

सरांनी आभार मानताना माझी ओळख 'सागरी ऊर्जातज्ज्ञ' अशी करून दिली. मी दुरुस्त केलं नाही. चहा निवत होता.

रविवार

दादा होटगी रस्त्याने फताटेवाडीकडे घेऊन गेला. ६६० मेगावॅटचे दोन संच, लांबूनच दिसणाऱ्या चिमण्या, कोळशाची मालगाडी. उजनीचं पाणी पाइपातून इथवर येतं. दादाने विचारलं, "हे बरं का तुझे समुद्रातले खांब?" खांब, म्हटलं, शंका न घेता. तळाची तक्रार करणं वेगळं आणि कोळसा परवडला म्हणणं वेगळं. उन्हात फार थांबवेना. दुपार झोपेत गेली.

सोमवार

सकाळी सातला तुळजापूर रस्त्यावरच्या एकरुख तलावावर, म्हणजे सगळे ज्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात तिथे, मुग्धा आणि तिच्या वर्गातली काही मुलं हजर. शनिवारचं भाषण त्यांना पुरलं नव्हतं. त्यांना करून बघायचं होतं. एकोणिसाव्या शतकातला हा तलाव, त्याचं जुनं दगडी बांधकाम पाण्यात उतरलेलं. खांबाच्या जागी तेच धरलं. दगडापासून एक मीटर, दहा मीटर, पन्नास मीटर. प्रत्येक ठिकाणी सारख्या मापाच्या डब्याने तीनतीन वेळा गाळ काढायचा. शिवाय बांधकाम नसलेल्या काठावर तेवढीच खोली बघून तसेच नमुने, ताडून बघायला. उत्तर समुद्रात एक मिलिमीटरची चाळणी वापरतात, आपल्याकडचे जीव लहान, म्हणून अर्ध्याची. रव्याची चाळणी त्याच्या जवळपास येते. वहिनींनी तोवर नवी आणली होती आणि जुनीवर मार्करने 'किडे' असं लिहून दिलं होतं.

बाटल्यांना आतून आणि बाहेरून चिठ्ठ्या, कारण बाहेरची पुसते. मग स्पिरिट, त्यात थोडा गुलाबी रंग, म्हणजे जीव रंगतात आणि कचऱ्यातून वेगळे निवडता येतात. पन्नास मीटरच्या जागेवर घोळ झाला. गावच्या म्हशी रोज तिथेच डुंबतात, तळ तुडवून ठेवलेला. दोन मुलं म्हणाली, ही जागा सोडू, निकाल बिघडेल. मुग्धा म्हणाली, सोडायची तर मग हिप्परग्याचा तलाव कसला? मी तिच्या बाजूने मत दिलं. जागा ठेवली आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: म्हशी, सकाळी आठ ते अकरा. पाऊस होऊन तलाव भरला की त्याच जागी दुसरी फेरी, मुलांनीच काढायची. डबा कुणाकडे राहणार यावरून ती भांडत होती तेव्हा दादाने हॉर्न वाजवला.